मत्स्यालयांतील लहान माशांचें संगोपन आणि त्याचे लेखी नियम

शेतकऱ्यांच्या मासिकांत कांचेच्या टाकींतील बोटभर माशांवर लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर प्रथम देतों. ज्यानें गोठा संभाळला आहे त्यास हा विषय परका नाहीं. मर्यादित जागेंत जनावर ठेवावयाचें, त्याचें अन्न, पाणी, मलमूत्र, रोग व वीण ह्या सर्वांची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावयाची, आणि तें बोलून दाखवीत नसल्यामुळें बारीक खुणांवरून त्याची स्थिति ओळखावयाची, हें काम गोठ्यांत जसें तसेंच टाकींत. शिवाय अलीकडे गांवोगांव शेततळीं झालीं आहेत, विहिरींत व हौदांत डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं मासे सोडले जातात, आणि पुष्कळ घरांत मुलांच्या हौसेखातर एखादी कांचेची टाकी असते. परंतु ह्याहून मोठें कारण निराळेंच आहे. मेक्सिको देशांतील एक लहान मासा आपल्या नदींतून साफ नाहींसा झाला असतां, केवळ टाक्यांतून नीट संभाळला गेल्यामुळें पुन्हां त्याच नदींत पोंचला. असें संभाळणें एखाद्याच्या हातोटीवर न सोडतां लिहून कसें ठेवावें, हा ह्या लेखाचा विषय आहे.

मेक्सिकोच्या पश्चिम भागांत हालिस्को नांवाचें राज्य आहे. तेथें तेकिला नांवाचा ज्वालामुखी पर्वत असून त्याच्या परिसरांत तेउचित्लान ही झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारी लहानशी नदी आहे. ह्या नदींत दोन-अडीच इंच लांबीचा एक मासा असे. त्याच्या शेंपटीवरील नारिंगी रंगावरून तेथील लोक त्यास आपल्या भाषेंत 'छोटा कोंबडा' म्हणत. शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं त्यास झूगोनेटिकस तेकिला असें नांव दिलें. नांव मिळालें, पण मासा मात्र हातचा जात होता. पाणी दूषित झालें, बाहेरून आणलेल्या माशांनीं त्याची जागा व्यापली, आणि २००३ पर्यंत तो नदींतून संपूर्ण नाहींसा झाला. सुदैव इतकेंच कीं, १९९८ सालींच इंग्लंडांतील चेस्टर येथील प्राणिसंग्रहालय व युरोपांतील त्याचे सहकारी हे मिचोआकान विद्यापीठास मत्स्यविभाग उभारून देण्यासाठीं गेले होते, आणि आयव्हन डिबल ह्या इंग्रज मत्स्यपालकाच्या संग्रहांतील ह्या माशाच्या पांच जोड्या त्यांनीं बरोबर नेल्या होत्या. दहा मासे! विद्यापीठांतील त्याचा सारा वंश त्या दहांपासून चालला. त्या टाक्यांतून एखाद्या उन्हाळ्यांत पाणी बिघडलें असतें तर पुढची हकीकत लिहावयास उरलीच नसती.

आतां प्राणिसंग्रहालयांत लहान माशांची स्थिति काय असते तें पाहूं. वाघास नांव असतें, वैद्य असतो, त्याच्या आजाराची बातमी वर्तमानपत्रांत येते. बोटभर मासा मेला तर दरवाजा उघडण्यापूर्वींच जाळीनें काढून टाकतात आणि बाजारांतून दुसरा आणतात. पाहणारांस फरक कळत नाहीं, हिशेबांत रक्कम किरकोळ असते, म्हणून कोणी कांहीं लिहीत नाहीं. पाणी केव्हां बदलावें, कोणत्या टाकींत किती नर ठेवावे, पिलें कोणत्या वेळीं वेगळीं करावीं, हें सर्व ज्ञान एखाद्या जुन्या रखवालदाराच्या डोक्यांत राहतें, व तो निवृत्त झाला कीं त्याच्याबरोबर घरीं जातें. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें मला ह्याचें नवल वाटत नाहीं. ज्या गांवचा तलाठी सर्व बांध तोंडपाठ सांगत असे, त्याची बदली झाल्यावर त्याच गांवीं सर्वांत जास्त तंटे उभे राहात. कारण पाठ होतें म्हणून त्यानें कागदावर कांहीं आणलेंच नव्हतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं अनेक देशांतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटना आतां प्रत्येक जातीसाठीं संगोपनाचे लेखी नियम तयार करीत आहेत. युरोपांतील संघटना १९९२ पासून ह्या नांवारूपानें काम करीत आहे. त्याच सालीं आपल्या देशांत केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें. युरोपीय संघटनेच्या नियमांची मांडणी मला फार पटली. तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागांत तो प्राणी रानांत कसा राहतो तें. दुसऱ्या भागांत त्यास बंदिवासांत कसें ठेवावें तें. क्रम महत्त्वाचा आहे. आधीं नदी, मग टाकी. ज्यास नदीची माहिती नाहीं तो टाकीच्या सोयीनें नियम करतो.

ह्याचें एक उदाहरण आपल्याच देशांतील आहे. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यानें १८२२ सालीं त्याचें वर्णन छापलें. आज जगांतील प्रयोगशाळांतून हा मासा लाखोंनीं पाळला जातो, आणि त्याचें पाणी सदा साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवावें असा जणूं दंडकच पडला आहे, कारण त्या उष्णतेवर त्याच्या अंड्यांची वाढ ठराविक वेळांत होते व प्रयोगास सोयीचें पडतें. मुळांत हा मासा भातखाचरांच्या कडेस, संथ डबक्यांत व ओढ्यांत राहणारा आहे. हिवाळ्यांत त्याचें पाणी थंड होतें, उन्हाळ्यांत तापतें, पावसाळ्यांत चढतें. प्रयोगासाठीं ठरविलेला आंकडा प्राणिसंग्रहालयानें डोळे मिटून उचलावा हें बरोबर नव्हे. मेक्सिकोच्या पठारावरील ज्या मत्स्यकुळांत आपला 'कोंबडा' येतो, त्यांतील अनेक जातींस तर वर्षभर ऊन पाणी दिल्यास त्या लवकर थकतात, म्हणून हिवाळ्यांत पाणी मुद्दाम थंड होऊं द्यावें असा अनुभवी मत्स्यपालकांचा सल्ला आहे. रब्बीच्या गव्हास थंडी लागते, तसेंच हें.

पाणी ही ह्या विषयाची मुख्य बाब, म्हणून तिच्यावर थोडें विस्तारानें लिहितों. मासा पाण्यांत खातो, पाण्यांतच मलोत्सर्ग करतो, आणि तेंच पाणी कल्ल्यांतून घेऊन श्वासोच्छ्वास करतो. अमोनियाचा मोठा भाग तर तो कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. नदींत हें सारें वाहून जातें, टाकींत सांचतें. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा टाकींत चौपन्न लिटर पाणी मावतें. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जातां पंचेचाळीसच्या आसपास उरतें. म्हणजे तीन घागरी पाण्यांत एका गोठ्याचें शेण, मूत्र व चाराकडबा असा प्रकार आहे.

ह्या प्रश्नाचें पहिलें शोधक उत्तर लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं लिहून ठेवलें. त्यानें सुमारें बारा गॅलनच्या कांचपात्रांत दोन लहान सोनेरी मासे व पट्टीसारख्या पानांचें व्हॅलिस्नेरिया नांवाचें पाणगवत ठेवलें. कांहीं दिवस ठीक चाललें; मग गवताचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर शेवाळ चढलें. तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकलें आणि पाणी निवळलें. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें, त्याच्या मागें अशाच नोंदी होत्या. शेतकीच्या वाचकांस आवडेल अशी गोष्ट पुढें आहे. ह्याच वॉरिंग्टनचा त्याच नांवाचा मुलगा रॉथॅमस्टेड येथील प्रसिद्ध शेतकी प्रयोगक्षेत्रांत रसायनशास्त्रज्ञ झाला, आणि जमिनींतील अमोनियाचें नायट्रेट कसें बनतें ह्यावर त्यानें अनेक वर्षें काम केलें. बापानें टाकी पाहिली, मुलानें शेत पाहिलें. आंतील व्यवहार एकच होता.

तो व्यवहार असा. अमोनियम सल्फेट जमिनींत घातलें, अथवा युरिया घालून त्याचा अमोनिया झाला, म्हणजे जमिनींतील एक प्रकारचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि पीक तें नायट्रेट शोषून घेतें. श्लोसिंग व म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं सांडपाणी वाळूच्या उंच नळींतून हळूहळू झिरपवून हें दाखविलें. क्लोरोफॉर्मची वाफ दिली कीं काम थांबे, म्हणजे तें करणारे सजीव होते. मत्स्यालयांतील गाळणी ही त्याच वाळूच्या नळीची लेक आहे. स्पंजावर, वाळूवर, दगडांवर हे जंतु वस्ती करतात व अमोनिया खातात. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो; नायट्राइट रक्तांत शिरून त्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति घालवितें व रक्त तपकिरी पडतें; नायट्रेट त्या मानानें पुष्कळ सौम्य, तें पाणी बदलून व वनस्पति लावून कमी करतां येतें.

ह्यांतून नियम आपोआप निघतात. नवी टाकी भरून त्याच दिवशीं मासे सोडणें हें नांगरट न करतां पेरण्यासारखें आहे. जंतूंची वस्ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मासे अगदीं थोडे, अन्न अगदीं थोडें. जुन्या निरोगी टाकींतील स्पंजाचा तुकडा नव्या गाळणींत ठेवल्यास हा काळ बराच कमी होतो. दह्यास विरजण लावावें तसें. गाळणीचा स्पंज नळाच्या पाण्यानें खळखळून धुऊं नये. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंस मारतें आणि स्वच्छतेच्या नादांत टाकी पुन्हां पहिल्या दिवसावर येते. टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत स्पंज पिळून घ्यावा. वीज गेली कीं गाळणींतील प्रवाह थांबतो व कांहीं तासांत तेथील जंतु प्राणवायुवांचून मरूं लागतात. भारनियमन ज्यांनीं भोगलें आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको. युरोपच्या नियमांत ही बाब एका ओळींत आटपते. आपल्याकडील नियमांत तिला स्वतंत्र परिच्छेद पाहिजे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं असतो, त्यांतील एक फार विषारी व दुसरें पुष्कळ कमी. पाणी किती आम्ल वा किती अल्कधर्मी ह्यावर त्यांचें प्रमाण ठरतें. पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यांत सामू ७ असतां एकंदर अमोनियाचा शेंकडा एक भागही विषारी रूपांत नसतो. सामू ८ झाला कीं शेंकडा पांचच्या आसपास जातो. पुष्कळ दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टाकीचें पाणी आम्ल होत जातें, त्यांत अमोनिया सांचूनही मासे तग धरून असतात. मग कोणीतरी कळवळून एकदम अर्धी टाकी रिकामी करून खडकाळ विहिरीचें जड पाणी ओततो, सामू चढतो, सांचलेला अमोनिया विषारी रूप घेतो आणि दुसऱ्या दिवशीं मासे पालथे. लोक म्हणतात, नव्या पाण्यानें मारलें. म्हणून दर आठवड्यास चौथा-पांचवा हिस्सा पाणी बदलणें हा नियम, आणि चुकलेल्या टाकींत त्याहूनही थोडथोडें, पण रोज.

विहिरीचें वा कूपनलिकेचें पाणी वापरणारांनीं तें एक दिवस उघड्या पिंपांत हवा मारीत ठेवावें, कारण खोलवरच्या पाण्यांत प्राणवायु कमी व कर्बवायु जास्त असूं शकतो. त्याचें नायट्रेटही आधीं मोजावें. खतें भरपूर पडणाऱ्या मळ्यांतल्या विहिरीचें पाणी मुळांतच नायट्रेटनें भरलेलें असेल, तर तें घालून टाकींतील नायट्रेट उतरावयाचें नाहीं. नळाच्या पाण्याचें क्लोरीन सोडियम थायोसल्फेटनें जातें. भांड्यांविषयीं तर मी आग्रहानें सांगतों: ज्या बादलींत एकदां फवारणीचें औषध कालविलें ती कितीही धुतली तरी माशांच्या पाण्यास लावूं नये. हल्लींच्या कित्येक कीटकनाशकांतील पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें माणसास त्या मानानें सौम्य, पण माशास इतकीं जहाल असतात कीं भांड्याच्या खरवडीवर राहिलेला अंशही पुरतो.

उष्णता वाढली कीं पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. वीस अंशांवर लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांवर साडेसात. नेमकी त्याच वेळीं माशाची भूक व श्वासाची गरज वाढलेली असते. उन्हाळ्याच्या दुपारीं मासे वर येऊन तोंड उघडमीट करूं लागले तर त्यांस भूक लागली असें समजून अन्न टाकणारे पुष्कळ आहेत. तें अन्न कुजतें आणि उरलासुरला प्राणवायुही खातें. अशा वेळीं अन्न बंद, हवा जास्त, टाकीवरचा दिवा मालवलेला.

अन्नाविषयीं फार लांबण लावीत नाहीं. माशाचें पोट लहान असतें. दिवसांतून दोन-तीन वेळां, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. नुसत्या सुक्या भुकटीवर वाढविलेला मासा जगतो, पण वीण चांगली देत नाहीं. पाणपिसवा, डांसांच्या अळ्या, मिठाच्या पाण्यांत दिवसभरांत उबविलेल्या आर्टेमियाचीं पिलें, आणि वनस्पति खाणाऱ्या जातींस शेवाळ, ह्यांची जोड पाहिजे.

विणीकडे वळतों, कारण नियम जातवार कां करावे लागतात तें येथें स्पष्ट दिसतें. गप्पी मासा व मेक्सिकोचा 'कोंबडा' दोन्ही लहान, दोन्ही जिवंत पिलें घालणारे. बाजारांतला माणूस दोहोंस एकच सल्ला देईल. पण गप्पीची मादी एकदां नराशीं संग झाल्यावर त्याचें वीर्य शरीरांत सांठवून ठेवते व पुढें कित्येक महिने नराशिवायही पिलें देते. मेक्सिकोच्या ह्या कुळांतील मादीस ती सोय नाहीं. प्रत्येक विणीस तिला नर लागतो. गप्पीचीं पिलें आंत असतांना मुख्यतः अंड्यांतील बलकावर पोसतात व सुमारें महिन्यानें बाहेर येतात. ह्या कुळाच्या पिलांस पोटांत असतांना नाळेसारख्या फिती असतात, त्यांवाटे तीं आईकडून अन्न घेतात आणि सुमारें दोन महिन्यांनीं बरीच मोठीं होऊन जन्मतात. म्हणजे गाभण मादीस अन्न कमी पडलें तर नुकसान थेट पिलांचें. म्हैस आटवण्याच्या दिवसांत तिला पेंड तोडणारा आणि हें न जाणणारा रखवालदार एकाच पंक्तींत बसतात. नर सारखे मागें लागून मादीस दमवितात, म्हणून एका नरामागें दोन-तीन माद्या ठेवाव्या व दाट वनस्पति असाव्या. त्याच वनस्पतींत पिलें आईबापांपासून लपतात.

दहा माशांपासून वंश वाढवावयाचा झाल्यास आणखी एक हिशेब करावा लागतो. वळू एकच ठेवून साऱ्या गांवच्या गाई त्याच्याकडे नेल्या तर दोन-तीन पिढ्यांनीं काय होतें तें वाचक जाणतात. जमाखर्च असा मांडतात: संगोपनांत एकंदर जितके प्रजोत्पादक, त्यांची दुप्पट करावी व एकास तिनें भागावें, तितका रक्ताच्या विविधतेचा हिस्सा दर पिढीस गळतो. दहा माशांस विसावा हिस्सा. शंभर मासे असतील तर दोनशेवा. म्हणून आरंभीं शक्य तितक्या लवकर संख्या वाढवावी, सारा वंश एकाच टाकींत वा एकाच शहरांत ठेवूं नये, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या कळपांत ठराविक मुदतीनें कांहीं मासे अदलाबदल करावे. सुंदर रंगाचेच नर निवडून विणीस लावणें हा हौशी लोकांचा छंद प्राणिसंग्रहालयांत कटाक्षानें टाळावा. नदीस देखणा मासा नको असतो, नदींतला मासा हवा असतो.

नवे मासे आले कीं निदान तीस दिवस वेगळ्या टाकींत, वेगळी जाळी, वेगळी नळी. औषधें शेवटीं. परजीवींवर तांब्याचीं औषधें वापरतात. आपल्या ओळखीचें मोरचूद तेंच. पण जड पाण्यांत जी मात्रा सोसते ती हलक्या पाण्यांत प्राण घेते, आणि गोगलगाई व झिंगे तर त्याहून कमी मात्रेंतच मरतात. तेव्हां पाण्याचा जडपणा न मोजतां मोरचुदाची मात्रा सांगणारा नियम हा नियमच नव्हे. माशांस एक क्षयासारखा रोग होतो, त्याचे जंतु माणसाच्या हातावरील जखमेंतून शिरून चिघळणारी गांठ उठवितात. हातास चीर असतां टाकींत हात घालूं नये, घालणें झाल्यास हातमोजे वापरावे.

आतां लिहिण्याकडे येतों. ह्यांत माझी थोडीफार गति आहे. रोजची नोंदवही हाच नियमांचा पाया होय. प्रत्येक टाकीस क्रमांक. दिनांक, सकाळची उष्णता, सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, बदललेलें पाणी, दिलेलें अन्न, जन्म, मृत्यु, आवक, जावक, आणि लिहिणाराची सही असे रकाने. मृत्यूच्या रकान्यांत मेलेल्यांची संख्या लिहून भागत नाहीं. नर कीं मादी, अंदाजी वय, कल्ल्यांचा रंग, पोट फुगलें कीं खपाटीस गेलें हें लिहावें. आणि ज्या दिवशीं कांहीं घडलें नाहीं त्या दिवशीं 'निरंक' लिहावें. कोऱ्या रकान्याचा अर्थ कोणीं पाहिलें नाहीं असा होतो. 'निरंक' ह्याचा अर्थ पाहिलें व कांहीं नव्हतें असा होतो. पीकपाहणीच्या कागदांत हा भेद न केल्यामुळें शेतकऱ्यांचीं नुकसानभरपाईचीं प्रकरणें अडलेलीं मीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

लहान माशांस बैलाप्रमाणें डागतां येत नाहीं वा कानांत बिल्ला अडकवितां येत नाहीं. कळपाचाच हिशेब ठेवावा लागतो. वर्षांतून दोन वेळां टाकी जाळीनें विभागून मोजदाद करावी. मोजदाद व वहीची शिल्लक जुळली नाहीं तर वही दुरुस्त करण्याआधीं कारण शोधावें: पिलें खाल्लीं गेलीं, उडी मारून बाहेर पडलीं, कीं मेलेलीं लिहिलींच नाहींत. टाकीस झांकण नसल्याचा शोध पुष्कळदां असाच लागतो. जेथें ओळख पटविणें अवश्य आहे तेथें त्वचेखालीं रंगीत पदार्थाची बारीक खूण टोंचतात.

अनेक ठिकाणच्या अशा वह्या एकत्र करून मग नियम लिहावयाचे. येथें माझें एक मत आहे. प्रत्येक वाक्यापुढें तें कोठून आलें तें असावें: नदींत मोजलेलें, टाकींत करून पाहिलेलें, कीं अनुभवी माणसाचें म्हणणें. तिन्ही उपयोगी आहेत, पण तिन्हींचें वजन सारखें नाहीं, आणि छापल्यावर तीं सारखींच दिसूं लागतात. दुसरें, नियमासोबत कारण द्यावें. 'आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें' एवढेंच लिहिलें तर अधिकारी तो रकाना भरून घेईल आणि अमोनिया वाढलेल्या आठवड्यांतही चौथाच हिस्सा बदलला जाईल. कारण ठाऊक असलेला रखवालदार त्या दिवशीं नियमाच्या पुढें जाईल. तिसरें, किमान जागेचा आंकडा लिहितांना सावध असावें. पुष्कळ ठिकाणीं किमान म्हणून लिहिलेलें लौकरच नेहमींचें होतें. चौथें, जो मासा बरा होण्याजोगा नाहीं त्यास क्लेशावांचून कसें संपवावें हेंही स्पष्ट लिहावें. भूल देणाऱ्या औषधाची पुरेशी मात्रा, व ती कोणीं, किती वेळ द्यावी. ह्या विषयावर गप्प राहणारीं टिपणें मीं पाहिलीं आहेत. मग रखवालदार मासा जमिनीवर टाकून मोकळा होतो.

मिचोआकान विद्यापीठांतील कळप सुमारें पंधरा वर्षें असा टाक्यांत वाढला. एवढ्यावर मासे नदींत नेऊन ओतले असते तर बहुधा टिकले नसते, कारण टाकींतील मासा ठराविक वेळीं वरून अन्न पडण्यास सोकावलेला असतो. म्हणून प्रथम चाळीस नर व चाळीस माद्या विद्यापीठाच्या आवारांतील मोठ्या कृत्रिम तळ्यांत सोडल्या. तेथें अन्न कधीं असे कधीं नसे, स्पर्धा करणारे व खाणारे जीव होते, परजीवी होते. चार वर्षांनीं त्यांची संख्या अंदाजें दहा हजार झाली. त्यांतून २०१७ सालीं पंधराशें मासे तेउचित्लानच्या झऱ्यांत सोडले गेले. पुढील मोजणींत ते वाढत असल्याचें व नदीच्या आणखी भागांत पसरल्याचें दिसलें. ह्या कामांत त्या गांवचे रहिवासी प्रथमपासून होते. पाण्यावर लक्ष ठेवण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें.

आपल्याकडे ह्याची उलटी बाजू अधिक लागू आहे. त्या नदीचें नुकसान करणाऱ्या गोष्टींत बाहेरून आणलेले मासे होते, आणि बाहेरचे मासे सोडण्याची संवय आपल्यास जुनी आहे. डांसांसाठीं गँबुशिया हा अमेरिकन मासा हिंदुस्थानांत १९२८ सालीं आणला गेला. तो डांसांच्या अळ्यांबरोबर इतर माशांचीं अंडीं व पिलेंही खातो. आफ्रिकेंतील मागूर, जो बाजारांत थायी मागूर म्हणून ओळखतात, त्याच्या पालनास आपल्या देशांत २००० सालापासून बंदी आहे, कारण पुराच्या पाण्याबरोबर तळ्यांतून निसटला कीं तो ओढ्यांतील लहान मासे फस्त करतो. बंदिस्त हौदांत वा टाक्यांत गप्पी ठेवण्यास हरकत नाहीं. ओढ्यास जोडलेल्या विहिरींत व शेततळ्यांत बाहेरचा मासा सोडण्यापूर्वीं पावसाळ्यांत त्याचें पाणी कोणत्या वाटेनें ओसंडतें तें चालून पाहावें, व सांडव्यास बारीक जाळी बसवावी. मुलांस टाकीचा कंटाळा आला तर मासे दुसऱ्या पाळणारास द्यावे, नदींत सोडूं नयेत. आणि दर आठवड्यास टाकींतून जें पाणी काढावयाचें, त्यांत माशांचीं पिलें, गोगलगाईंचीं अंडीं व रोगाचे जंतु असूं शकतात, म्हणून तें गटारांत वा ओढ्यांत न ओततां परसांतील नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यांत घालावें. त्यांतील नायट्रेट झाडास मिळतें.